वाचतांना अडखळणारें मूल

मूल बोलूं लागलें म्हणजे घरांत जो आनंद होतो त्यास सीमा नसते. परंतु तेंच मूल दोन वर्षें शाळेंत जाऊनहि वाचूं लागलें नाहीं म्हणजे घरावर जी छाया पसरते, तिची वाच्यता सहसा कोणी करीत नाहीं. सुशिक्षित घरांत तर मुळींच नाहीं. ज्या घरच्या कपाटांत ज्ञानकोशाचे खंड उभे आहेत, ज्या घरीं आई पदवीधर व वडील अधिकारी आहेत, त्या घरच्या मुलास ‘कमळ’ हा तीन अक्षरांचा शब्द वाचतांना घाम फुटावा, ही गोष्ट आईबापांस प्रथम खरीच वाटत नाहीं. मग ती लाजिरवाणी वाटूं लागते, आणि शेवटीं त्या लाजेचें रूपांतर रागांत होऊन तो राग मुलावर निघतो. ‘तुझें लक्षच नसतें,’ ‘खेळायचें असलें म्हणजे बरें सारें सुचतें,’ ‘धाकटी बघ कशी घडाघडा वाचते,’ हीं वाक्यें दररोज संध्याकाळीं ज्या घरांतून ऐकूं येतात, तीं घरें थोडीं नाहींत.

प्रस्तुत लेखांत त्या मुलाची बाजू मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, वाचनाचा आरंभ डोळ्यांत नसून कानांत आहे. अडखळणारें मूल बहुधा आळशी नसतें व मंदबुद्धीचेंहि नसतें. शब्दांतील ध्वनि सुटे करून ऐकणें त्यास इतरांपेक्षां जड जातें. आणि कान तयार करण्याचीं साधनें विकत आणावीं लागत नाहींत. तीं आपल्याच घरांत पिढ्यान्‌पिढ्या पडून आहेत.

पाठ म्हणणें म्हणजे वाचणें नव्हे

आपल्या घरांतील मुलांचें पाठांतर चांगलें असतें, कारण त्यास लहानपणापासून वळण लागलेलें असतें. रामरक्षा, पाढे, श्लोक, आजीच्या तोंडच्या आरत्या हें सारें मूल अक्षर ओळखण्यापूर्वींच उचलतें. ह्या सवयीचे लाभ मोठे आहेत. पण वाचनाच्या बाबतींत तिनें एक घोटाळा होतो. पुस्तकांतील धडा शाळेंत दोन-तीन वेळां कानांवरून गेला कीं मूल तो जसाच्या तसा म्हणून दाखवतें. पुस्तक पुढें धरतें, ओळींवरून बोटहि फिरवतें. आई समाधानानें स्वयंपाकघरांत जाते. बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर आहे, हें पाहण्यास तेथें कोणी नसतें.

पहिली इयत्ता अशी निभावते, कधीं दुसरीहि निभावते. पुढें धडे लांबतात, शब्द अनोळखी होतात, गणिताचीं उदाहरणेंहि शब्दांत येऊं लागतात, आणि पाठांतराचा टेकू एकाएकीं अपुरा पडतो. घरच्यांस वाटतें कीं, हुशार मूल अचानक बिघडलें. वस्तुतः तें बिघडलेलें नसतें. वाचतां येत नसतांना तें वाचणाऱ्यांबरोबर धांवत आलें होतें, तें आतां दमलें आहे. एवढें ओझें इतके दिवस झांकून नेणाऱ्या मुलास बुद्धि नाहीं असें कोण म्हणेल?

तेव्हां पहिली गोष्ट अशी कीं, मुलाची परीक्षा पाठ्यपुस्तकावर घेऊं नये. ‘प्रथम’ ही संस्था मुंबईंत १९९५ सालीं सुरू झाली. तिच्या पुढाकारानें २००५ सालापासून ‘असर’ नांवाची शैक्षणिक पाहणी खेडोपाडीं होत आली आहे. कार्यकर्ते घरीं जाऊन मुलापुढें एक कागद ठेवतात. त्यावर अक्षरें, साधे शब्द, सोपा परिच्छेद व एक लहानशी गोष्ट अशा चार पायऱ्या असतात. मूल कोणत्या पायरीवर थांबतें तेवढेंच पाहावयाचें असतें. हीच रीत घरीं वापरावी. मुलानें कधीं न पाहिलेले दहा-बारा शब्द मोठ्या अक्षरांत कागदावर लिहावे आणि ते खालून वर वाचावयास सांगावे. पाठांतर गळून पडेल व खरी पायरी दिसेल. मग शिकवणें त्या पायरीपासून सुरू करावें. मूल तिसरींत आहे म्हणून तिसरीच्या पुस्तकापासून सुरू करूं नये.

‘ढ’ कोण?

ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बहुतेक अक्षरांचीं रूपें पालटलीं, ढ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. म्हणून ज्याच्यांत कांहीं पालट होत नाहीं तो ‘ढ’, अशी ह्या शब्दाची उपपत्ति सांगतात. उपपत्ति मौजेची आहे. पण हा शब्द ज्या मुलास ऐकावा लागतो त्यास तींत मौज वाटत नाहीं.

बुद्धि शाबूत असून वाचन येत नाहीं, ह्या प्रकाराकडे वैद्यकाचें लक्ष जाऊन आतां सव्वाशें वर्षें होऊन गेलीं. इंग्लंडांतील सीफर्ड गांवच्या प्रिंगल मॉर्गन ह्या डॉक्टरांनीं १८९६ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ ह्या नियतकालिकांत पर्सी नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, खेळांत कोणास हार जाणारा नव्हता, गणित बरें करीत असे. परंतु कित्येक वर्षें शिकवूनहि त्यास सोपे शब्द वाचतां येत नव्हते. स्वतःचें नांव लिहितांनाहि ‘पर्सी’ऐवजीं ‘प्रेसी’ असें होई. शिक्षण जर केवळ तोंडी असतें तर हा मुलगा शाळेंत सर्वांत हुशार ठरला असता, असा त्याच्या शिक्षकांचा अभिप्राय होता. ह्या वैगुण्यास आज ‘डिस्लेक्सिया’ म्हणतात. हा शब्द रुडॉल्फ बर्लिन ह्या जर्मन नेत्रवैद्यानें १८८७ सालीं मेंदूच्या विकारानें वाचन गमावलेल्या प्रौढांसाठीं वापरला होता. पुढें तो मुलांनाहि लावूं लागले.

आरंभीं वैद्यांस वाटलें कीं, दोष डोळ्यांचा किंवा शब्दांच्या चित्रस्मृतीचा असावा. त्यामुळेंच ‘ह्या मुलांस अक्षरें उलटीं दिसतात’ ही समजूत आजहि प्रचलित आहे. ती बरोबर नाहीं. लिहावयास शिकणारीं बहुतेक मुलें सहा-सात वर्षांपर्यंत अधूनमधून अक्षर उलटें काढतात. तेवढ्यावरून घाबरण्याचें कारण नाहीं. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत झालेल्या संशोधनानें खरा दोष बहुतांशीं ध्वनींच्या बाजूस आहे असें दाखवून दिलें. ऑक्सफर्ड येथील लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट ह्यांनीं चार-पांच वर्षांच्या सुमारें चारशें मुलांस कांहीं शब्द ऐकवून त्यांतला आवाजानें वेगळा शब्द ओळखावयास सांगितलें. आपल्याकडे ‘पाट, ताट, वाट, कान’ ह्यांत वेगळा कोणता असें विचारावें, तसाच हा प्रकार. ज्यांस तो जड गेला तीं मुलें पुढें वाचनांतहि मागें पडलीं. त्यांपैकीं कांहींना ह्याच खेळाचा सराव दिला तेव्हां त्यांचें वाचन सुधारलें. आणि खेळाबरोबर तेच ध्वनि अक्षरांशीं जोडून दाखवले तेव्हां लाभ सर्वांत अधिक झाला. हा निष्कर्ष त्यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केला. कान व अक्षर ह्यांची सांगड, हें ह्या साऱ्याचें सार होय.

हें वैगुण्य पुष्कळदां घराण्यांत चालत आलेलें असतें. चौकशी केली तर एखादे काका किंवा मामा ‘आम्हांलाहि शुद्धलेखनाचा फार त्रास झाला बुवा’ असें सांगतात. त्यांनीं तें मुलासमोर सांगावें. आपल्यासारखें दुसरें कोणी होतें आणि तें नीट मार्गास लागलें, हें कळणें मुलास औषधाहून गुणकारी आहे.

आपली लिपि कोठें अडवते?

देवनागरी ही शास्त्रशुद्ध लिपि आहे, असें आपण अभिमानानें म्हणतों, व तें खरेंहि आहे. इंग्रजींत एकाच चिन्हाचे अनेक उच्चार होतात, तसा गोंधळ येथें नाहीं. म्हणूनच इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत अडखळणारें मराठी मूल आपल्या भाषेंत पुष्कळदां लवकर वाचूं लागतें, आणि तेथें आलेला धीर त्यास इकडे उपयोगी पडतो. तरी आपल्या लिपीचेहि कांहीं अडसर आहेत. ते मोठ्यांस दिसत नाहींत, कारण सवय झालेली असते.

पहिला अडसर संख्येचा. मुळाक्षरें पन्नासच्या आसपास असलीं तरी चौतीस व्यंजनांस बाराखडीनें गुणलें म्हणजे चारशेंहून अधिक आकृति होतात, जोडाक्षरें निराळींच. तेव्हां सहा महिन्यांत सारें यावें ही अपेक्षाच चूक आहे.

दुसरा अडसर वेलांटीचा. ‘दिवा’ ह्या शब्दांत डोळ्यांस प्रथम वेलांटी भेटते व मग द. तोंडास मात्र आधीं द व मग इ म्हणावें लागतें. मूल ‘इ-द-वा’ असें चांचरलें तर तें निष्काळजी नव्हे, तें डावीकडून उजवीकडे इमानानें वाचीत आहे.

तिसरा अडसर र ह्या अक्षराचा. तो कधीं ‘सूर्य’मध्यें डोक्यावर रफार होऊन बसतो, कधीं ‘चक्र’मध्यें पायाशीं येतो, कधीं ‘ट्रक’मध्यें वेगळेंच रूप घेतो, आणि ‘दुसऱ्या’मध्यें आणखी निराळें. पर्सीचा ‘प्रेसी’ झाला, तसा आपल्या मुलांच्या पाटीवर ‘पर्वत’चा ‘प्रवत’ होतो. चौथा अडसर सारख्या रूपांचा: घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व. त्यांत ल व श ह्यांचीं दोन वळणें मिसळतात. महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें मराठी ल व श ह्यांचीं रूपें ठरवून दिलीं आहेत. परंतु फोनच्या पडद्यावर बहुधा हिंदी वळण दिसतें. घरांत निदान शिकवण्यापुरतें एकच वळण ठेवावें.

शिवाय उच्चाराच्या कांहीं खुब्या आहेत. ‘घर’ हा शब्द आपण ‘घर्’ असाच बोलतों, शेवटचा अ गिळतों. मूल मात्र ‘घ-र’ असे दोन्ही अ पूर्ण म्हणतें व शब्द त्यास ओळखूं येत नाहीं. ‘चार’मधला च निराळा व ‘चाक’मधला निराळा, ‘जन्म’मधला ज निराळा व ‘जाळें’मधला निराळा. ह्या गोष्टी मुलास मोकळेपणानें सांगाव्या. ‘येथें आपली भाषा जरा फसवते’ असें म्हटलें कीं चूक मुलाची न राहतां भाषेची होते, आणि मुलाच्या खांद्यावरचें ओझें हलकें होतें.

घरांतलीं साधनें

आतां कान तयार करण्याकडे वळूं. हें काम पुस्तक न उघडतां करावयाचें असून त्यास आजी-आजोबांइतकें योग्य माणूस नाहीं.

भेंड्या हा खेळ आपल्या प्रवासांतून व लग्नघरांतून चालत आला आहे. समोरच्यानें म्हटलेल्या ओळीचें शेवटचें अक्षर पकडून त्यापासून आपली ओळ सुरू करणें, म्हणजे शब्दाचा शेवट सुटा ऐकणें व आरंभ सुटा शोधणें. कवितांच्या भेंड्या जड पडल्या तर नुसत्या शब्दांच्या लावाव्या. तशीच ‘च’ची भाषा. तींत ‘पाणी’चें ‘चणीपा’ होतें: पहिलें अक्षर उचलून शेवटीं न्यावयाचें व आरंभीं च लावावयाचा. मुलें हिला मोठ्यांस न कळणारी गुप्त भाषा समजतात. वस्तुतः शब्द फोडून पुन्हां जुळवण्याचा ह्याहून चांगला व्यायाम शोधून सांपडणार नाहीं.

तिसरा खेळ शब्दांतील अक्षर काढून टाकण्याचा. ‘पाऊस’मधला पा गेला, काय राहिलें? ऊस. ‘सकाळ’मधला स गेला? काळ. ‘कमळ’मधला क गेला? मळ. भाजी निवडतांना, केंस विंचरतांना, जिना चढतांना अशीं दोन-चार कोडीं घालावीं. एकेका अक्षरास एक टाळी वाजवून ‘म-हा-ब-ळे-श्व-र’ असें नांव म्हणावें. वेदपाठाच्या परंपरेंत संहितेचा पदपाठ, पुढें क्रम, जटा, घन असे पाठ करीत, म्हणजे शब्द तोडून, उलटसुलट गुंफून म्हणत. त्यांचा हेतु मंत्र शुद्ध राखण्याचा होता; परंतु कान तोडण्या-जोडण्यानेंच घडतो, हें त्यांनीं ओळखलें होतें.

आपली वर्णमाला हेंहि एक साधनच आहे. क वर्ग कंठांतून, च वर्ग तालूवर, ट वर्ग मूर्ध्यावर, त वर्ग दांतांपाशीं, प वर्ग ओठांत, अशी तिची मांडणी आहे. ‘ताट’ म्हणतांना जीभ कोठें लागली, ‘टाक’ म्हणतांना कोठें वळली, हें मुलास आरशांत पाहूं द्यावें. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून क व ख म्हणवावे; ख म्हणतांना पट्टी हालते. गळ्यावर हात ठेवून क व ग म्हणवावे. ग म्हणतांना हातास कंप लागतो. जे ध्वनि मुलाच्या कानास सारखे वाटतात ते अशा रीतीनें हातास व डोळ्यांस निराळे होतात.

दहा मिनिटांचा पाठ

कानाच्या खेळांबरोबरच अक्षरांचा पाठ चालवावा; पण तो दहा ते पंधरा मिनिटांहून लांबवूं नये. तो रोज व्हावा आणि मूल थकण्यापूर्वीं व्हावा. रविवारीं दोन तास बसवून आठवड्याची भरपाई करणें म्हणजे सात दिवसांचें जेवण एका दिवशीं वाढणें होय.

पूर्वीं धूळपाटीवर धूळ पसरून मुलें बोटानें अक्षर गिरवीत. मारिया मॉन्टेसरी ह्यांनीं १९०७ सालीं रोम शहरांत आपलें पहिलें बालगृह उघडलें. त्यांच्या पद्धतींत खरखरीत कागदाचीं अक्षरें मुलें बोटांनीं चांचपतात व त्याच वेळीं ध्वनि उच्चारतात. हा विचार आपल्याकडे आणून रुजवणाऱ्यांत गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक ह्यांचीं नांवें अग्रगण्य आहेत. घरीं ह्यासाठीं ताटांत पसरलेला रवा पुरे. मुलानें बोटानें अक्षर काढावें, काढतांना मोठ्यानें म्हणावें, ताट हलवून पुसावें व पुन्हां काढावें.

अक्षरें अ पासून ज्ञ पर्यंत क्रमानें शिकवण्याचा आग्रह नको. ‘ग म भ न’ हा जुना क्रम आकारांच्या साम्यामुळें लिहिण्यास सोयीचा आहे. पण ज्या मुलाचा भ आणि म ह्यांत घोटाळा होतो त्यास तीं दोन अक्षरें जवळजवळ देऊं नयेत. एक पक्कें झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनीं दुसरें द्यावें. थोड्या अक्षरांत पुष्कळ शब्द होतील असें पाहावें. क, न, म, र हीं चार अक्षरें व एक काना एवढ्या सामग्रींत कान, नाक, मान, काम, राम, काका, मामा, नाका, मका, कमान, नरम इतके शब्द होतात. चार अक्षरांत अकरा शब्द वाचणाऱ्या मुलास वाचन म्हणजे काय तें कळतें. बावन्न अक्षरें ओळखून एकहि शब्द न वाचणाऱ्यास तें कळत नाहीं.

शब्द वाचवतांना ‘क… म… ळ’ असें तोडून थांबूं नये. एका ध्वनींतून दुसऱ्यांत घसरत जावें, म्हणजे ‘कमळ’ आपोआप जुळतें. वेलांटीसाठीं द चें एक पान व वेलांटीचें एक पान अशीं दोन पुठ्ठ्याचीं पानें करावीं. आधीं द ठेवून म्हणवावा, मग वेलांटी आणून त्याच्या आधीं ठेवावी व ‘दि’ म्हणवावें. एका पुठ्ठ्यास ओळीएवढी खिडकी कापून ती पुस्तकावर ठेवली म्हणजे बाकीच्या ओळींची गर्दी डोळ्यांपुढून जाते.

मूल अडलें तर पांच मोजेपर्यंत गप्प राहावें. तरी आलें नाहीं तर शब्द सरळ सांगून पुढें जावें. ‘कालच सांगितला होता’ हें वाक्य घरांतून हद्दपार करावें. एकच लहान उतारा प्रथम आईनें वाचावा, मग दोघांनीं मिळून, मग मुलानें एकट्यानें. असा तीन-चार वेळां वाचला म्हणजे वाचनास ओघ येतो. तोच उतारा दुसऱ्या दिवशीं खालच्या ओळीपासून वाचवला म्हणजे पाठांतराची शंकाहि फिटते.

आणि एक गोष्ट कदापि बंद करूं नये: मुलास मोठ्यानें गोष्टी वाचून दाखवणें. ‘आतां स्वतः वाच, मी वाचणार नाहीं’ अशी शिक्षा पुष्कळ ठिकाणीं दिली जाते. तिनें दुहेरी हानि होते. वाचतां येत नाहीं म्हणून मुलास गोष्टी मिळत नाहींत, गोष्टी मिळत नाहींत म्हणून शब्द वाढत नाहींत, आणि जेव्हां वाचतां येऊं लागतें तेव्हां वाचलेलें समजत नाहीं. वाचन येईपर्यंत मुलाच्या बुद्धीस कानावाटे पोटभर खाद्य मिळालें पाहिजे.

काय करूं नये, व तज्ज्ञांकडे केव्हां जावें

सर्वप्रथम डोळे व कान तपासून घ्यावे. लहान मुलांस वारंवार पडसें होऊन कानाच्या पडद्यामागें पाणी सांठतें व कांहीं महिने ऐकूं कमी येतें. मूल तें सांगूं शकत नाहीं. डोळ्यांस चष्मा लागत असेल तर अवश्य द्यावा. मात्र डोळ्यांचे व्यायाम किंवा रंगीत भिंगें ह्यांनीं वाचनदोष जातो असें कोणी सांगितल्यास पैसे खर्चूं नयेत. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या व नेत्रतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनांनीं २००९ सालीं संयुक्त निवेदन काढून अशा उपचारांस शास्त्रीय आधार नाहीं असें स्पष्ट केलें आहे. बुद्धिवर्धक औषधांनींहि अक्षर येत नाहीं. डावखुऱ्या मुलाचा हात बदलूं नये. पाहुण्यांसमोर वाचावयास लावूं नये. मुलींच्या बाबतींत विशेष सावध राहावें. दंगा करणाऱ्या मुलाकडे शाळेचें लक्ष लवकर जातें, पण कोपऱ्यांत मुकाट बसलेली मुलगी वर्षानुवर्षें तशीच पुढच्या वर्गांत ढकलली जाते.

असा नियमित प्रयत्न सहा महिने करूनहि फरक दिसला नाहीं तर तज्ज्ञांकडे जाण्यांत संकोच मानूं नये. वाचनदोषाचें अधिकृत निदान आपल्याकडे साधारणतः मुलास आठ वर्षें पूर्ण झाल्यावर करतात. परंतु आठव्या वर्षापर्यंत हात जोडून बसावें असा ह्याचा अर्थ नव्हे. मदतीस निदानाची वाट पाहावी लागत नाहीं. महाराष्ट्रानें १९९६ सालापासून अशा विद्यार्थ्यांस परीक्षेंत सवलती देण्यास आरंभ केला, व ह्या बाबतींत तें देशांत अग्रेसर ठरलें. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींच्या केंद्रीय कायद्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. मुंबईंत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या कांहीं सार्वजनिक रुग्णालयांत तपासणी होते. प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेंत जादा वेळ, लेखनिक अशा सोयी मिळूं शकतात.

ह्या सवलतींविषयीं आपल्या घरांतून एक अढी आढळते. ‘आमच्या मुलाला कागद चिकटवायचा नाहीं,’ असें आईबाप म्हणतात. आम्ही त्यांस एवढेंच विचारतों कीं, ज्यास दूरचें दिसत नाहीं त्यास चष्मा देतांना आपण त्यास लांच्छन मानतों काय? कागद न घेतल्यानें नांव टळत नाहीं. फक्त वैद्यानें दिलेलें नांव न मिळतां वर्गानें दिलेलें मिळतें, आणि तें ‘ढ’ हें असतें.

वाचनदोष समूळ जातो असें वचन कोणी देऊं नये. कित्येकांचें वाचन जन्मभर थोडें सावकाशच राहतें व शुद्धलेखन कच्चें राहतें. परंतु सावकाश वाचणें आणि मुळींच न वाचणें ह्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे, आणि तें अंतर ओलांडण्यास रोजचीं दहा मिनिटें, शांत आवाज व थोडा विनोद एवढी सामग्री पुष्कळदां पुरते. प्रगति परीक्षेच्या गुणांवरून मोजूं नये. ज्या दिवशीं मूल एस.टी.च्या पाटीवरचें गांवाचें नांव कोणीं न विचारतां आपण होऊन वाचील, त्या दिवशीं वाचन त्याचें स्वतःचें झालें असें समजावें. त्या दिवसाची घाई करूं नये. पण त्याची तयारी आज संध्याकाळीं भेंड्यांच्या एका डावानें करण्यास कांहींच हरकत नाहीं.